मासळीच्या पेटीतल्या नळ्या

दोन हजार पाचच्या पुरात कामतघर वस्तीतली एक तळमजल्यावरची खोली कमरेपर्यंत भरली. एक डॉक्टर मॅडम तिथे बसून कापडाच्या लूमवरच्या कामगारांच्या दम्याचा, खोकल्याचा अभ्यास करत. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. रविवारी मॅडमबरोबर चाळींतून फिरून कामगारांचे फॉर्म भरायचे.

पाणी ओसरल्यावर गेले, तर फ्रीज आडवा पडलेला आणि मॅडम चिखलात उभ्या. कामगारांच्या रक्ताच्या नळ्यांचा डबा तेवढा त्यांनी वर माळ्यावर टाकून वाचवला होता. दोन वर्षांचं काम त्यात होतं. वीज नव्हती. नळ्या थंड राहिल्या नाहीत तर सगळं वाया. मी भीत भीत म्हटलं, "आमच्याकडे चला. आई मासळी विकते, थर्माकोलची पेटी आहे."

वळ गावात आमचं घर उंचावर आहे. आईने मॅडमना खाट दिली, स्वतः खाली झोपली. पावसाळ्यात तिचा धंदा मंदच, पेटी रिकामी होती. बर्फाच्या कारखान्यात जनरेटर होता, तिथून ती रोज डोक्यावरून बर्फ आणायची.

"काय हाय गो यात?" तिने पहिल्या दिवशी विचारलं.

"औषध," मी म्हटलं. परक्या माणसांचं रक्त आहे म्हटलं तर ती पेटी देणार नाही, आणि मॅडमसमोर माझी लाज जाईल, असं मला वाटलं.

मॅडमना ती भाकरीबरोबर सुकट वाढायची. "खा गो डॉक्टरीण, लाजतेस काय? तुझ्या अंगावर फॉर्म भरायलापन मास न्हाय." मॅडम हसायच्या. त्या दिवसांत फक्त तेव्हाच हसायच्या.

तिसऱ्या दिवशी मी आणि मॅडम दुसरी खोली शोधायला शहरात गेलो. मिळाली नाही. लूम बंद होते, चाळी अर्ध्या रिकाम्या. कामगार गाठोडी घेऊन गावाकडे निघाले होते. संध्याकाळी परतलो, तर आईने सगळ्या नळ्या ताज्या बर्फावर ओळीने मांडल्या होत्या. स्वच्छ, चकचकीत.

"पुराची घान लागलेली," ती कौतुकाने म्हणाली. "एक एक घासून धुतली. कागद निघता निघत नव्हते."

बर्फ बदलताना पेटीतलं सगळं धुऊन काढायची तिची रीतच होती. नंबरांच्या चिठ्ठ्या बादलीत तरंगत होत्या, शाई उतरलेली. कामगारांच्या नावांची वही सुखरूप होती. कुठली नळी कुणाची, ते मात्र आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

मॅडम उकिडव्या बसल्या. एक नळी उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिल्या. मग मला हळूच विचारलं, "आईंना सांगितलं होतंस ना, आत काय आहे ते?"

"हो," मी म्हटलं.

आई दारातच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमना म्हणाली, "सांगितलेलं हो. मीच इसरली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आपल्या गावी निघाल्या. आईच्या पाया पडल्या. डबा त्यांनी बरोबर नेला, कशासाठी ते मला विचारवलं नाही.

रिक्षा वळणाआड गेल्यावर आई पेटी उन्हात ठेवत म्हणाली, "आता तरी सांग. काय होतं?"

मी सांगितलं. ती ओट्यावर बसली.

"मानसांचं रगत," ती म्हणाली. "मना वाटलं, बाटलीतलं औषध, वरून धुतलं तर काय बिघडतं. तू सांगितलं असतं तर देवाजवल ठेवलं असतं, हात न्हाय लावला असता." तिने विचारलं, "मंग आता त्यांना परत सुई टोचतील?"

"ते सगळे गावाला गेले, आई."

ती बादलीच्या तळाशी चिकटलेली एक कोरी चिठ्ठी नखाने सोडवत बसली.