बांधावरच्या चिंचेची मोजणी

बेंबळीच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत, एका बांधावर चिंचेचं मोठं झाड आहे. त्याची पूर्वेकडची बाजू भरगच्च आणि पश्चिमेकडची बोडकी. येणारे-जाणारे म्हणतात, वीज पडली असेल. वीज पडलेली नाही. ते माझ्यामुळं झालंय, आणि हे मी घरातसुद्धा नीट सांगितलेलं नाही.

मी मुळात कमी बोलतो. ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या धुणं आणि फुटलेल्यांची नोंद ठेवणं, या कामाला बोलावं लागत नाही. माझं मत आजवर कुणी विचारलेलं नाही आणि विचारलं असतं तरी मी ते दिलं नसतं.

आमच्या धाराशिवात जलरंगवाल्यांचा एक गट आहे. चित्रकलेच्या एक निवृत्त शिक्षिका तो चालवतात, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. मेडिकल दुकानदार, विमा एजंट, बँकेतनं निवृत्त झालेले दोघंतिघं, दोन मास्तर आणि मी. चित्र फक्त बाईंना येतं. बाकीच्यांची त्यांना दया येते. हिवाळ्यात दर रविवारी सकाळी गाड्यांवरून निघायचं, कुठंतरी शेतात बसायचं आणि समोर दिसेल ते रंगवायचं, एवढाच कार्यक्रम. गेल्या हिवाळ्यात बाईंना ही चिंच आवडली आणि आम्ही तिथं जायला लागलो.

झाड दोन भावांच्या बांधावर आहे. पूर्वेचं रान थोरल्याचं, पश्चिमेचं धाकट्याचं. वाटण्या झाल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. सगळं वाटलं, चिंच तेवढी राहिली. तिच्याबद्दल बोलायचं तर बोलावं लागलं असतं. त्यातनं आपोआप एक रीत पडली होती: चिंचा ज्याच्या बाजूला पडतील त्याच्या. त्यावर इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती. ही रीत मी मोडली.

चित्र सुरू करायच्या आधी झाडाची उंची-रुंदी बघायची एक पद्धत असते. हात ताठ करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठा पेन्सिलीवर खालीवर सरकवायचा. पहिल्या रविवारी आम्ही सगळे ओळीनं बसून चिंचेकडं पेन्सिली रोखून एक डोळा मिटून बघत होतो. रस्त्यावरून ते कसं दिसत असेल याचा विचार आमच्यापैकी कुणाच्या मनात आला नाही.

थोरला भाऊ आला तेव्हा मी आभाळ लावत होतो. जलरंगात आभाळ एका दमात लावावं लागतं. मध्ये थांबलं की रंगाची कड सुकते आणि आभाळाला तडा गेल्यासारखी रेघ उमटते.

"साहेब, मोजणी का?"

"हं."

"रस्त्याची?"

ब्रशचा थेंब ओघळायला लागला होता. "हं," मी म्हणालो.

एवढंच. ते पहिले दोन 'हं' आभाळाचे होते, ते मी माझ्या अंगावर घेत नाही. पुढचं मात्र घेतो.

पुढच्या रविवारी चिंचेच्या सावलीत एक निळी खुर्ची पुसून ठेवलेली. बाकीच्यांना सतरंजी, मला खुर्ची. ते का, हे मागाहून कळलं. बाकीचे गप्पा मारत चिवडा खात होते, म्हणजे ते हाताखालचे. मी एका बाजूला पांढरा शर्ट खोचून, ऑफिसची बॅग मांडीशी घेऊन गप्प बसलेला, म्हणजे साहेब. चहा आला तोही मला एकट्याला बशीसकट.

भोवती जमलेल्यांत एकानं विचारलं, "पर ह्ये रंग कशापायी लावायलेत?"

"खुळा हाईस," दुसरा म्हणाला. "मोजणी येनार कळलं की लोकं रातोरात आंब्याची रोपं लावत्यात भरपाईच्या मावेजासाठी. म्हनून आता सरकार असं चित्रं काढायच्या बहान्यानं गुपचूप पाठवतंय."

बाईंनी ऐकलं. "अहो, आम्ही खरंच चित्रं काढतोय," त्या म्हणाल्या.

"व्हय व्हय, काढा की बाई," म्हणून त्यानं डोळा मारला.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेव्हा आभाळ लावून झालं होतं. हात मोकळा होता, तोंड मोकळं होतं. बाई सांगतात ते खरं आहे, एवढं म्हणायचं होतं. मी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारली. आयुष्यात पहिल्यांदा दहा-बारा माणसं माझ्या बोलण्याची वाट बघत उभी होती आणि बोललो की ती निघून जाणार होती. म्हणून बोललो नाही.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट झाली. बाईंचा एक नियम आहे. झाड कागदाच्या मधोमध काढायचं नाही. "मधोमध फक्त देव आणि निवडणुकीचा उमेदवार," असं त्या म्हणतात. म्हणून मी चिंच उजवीकडं घेतली. त्यानं डावी बाजू ओकीबोकी दिसायला लागली, मग बांध उचलून डावीकडं सरकवला. चित्रात हे चालतं. चांगलं दिसलं, बाईसुद्धा "बरं आहे" म्हणाल्या.

थोरला मागं उभा राहून बघत होता. त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "साहेब, एक फोटो घेऊ का? घरी दावायला."

मी मान हलवली. त्याच्या चेहऱ्याचं कारण मला गाडीला किक मारताना कळलं. माझ्या चित्रात चिंच बांधावर राहिली नव्हती. ती पूर्ण त्याच्या रानात गेली होती.

परत फिरून सांगता आलं असतं. गाडी सुरू झाली होती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या रविवारी आम्ही गेलो तर झाडच रंगवलेलं. खोडाचा पूर्वेचा अर्धा भाग गुलाबी. थोरल्याकडं मुलीच्या लग्नातला घराचा रंग उरला होता. ते बघून धाकट्यानं पश्चिमेच्या अर्ध्या भागाला चुना फासला, त्यात नीळ घालून. मधली रेघ ओळंबा लावून पाडल्यासारखी सरळ.

आमच्यात चर्चा सुरू झाली.

"आता हे काढायचं कसं?" विमा एजंट म्हणाले. "निसर्गचित्रात गुलाबी खोड?"

"जे दिसतं ते काढा," बाई म्हणाल्या.

"बाई, लोक हसतील."

"तुमच्या चित्राला लोक आधीच हसतात."

मेडिकलवाल्यांना काहीच अडचण नव्हती. ते समोर काहीही असलं तरी नारळाचंच झाड काढतात. लहानपणी एकदा कुठल्या तरी कॅलेंडरवरचं बघून शिकले, तेवढंच जमतं. त्यांनी नारळ काढला, खोड अर्धं गुलाबी, अर्धं निळसर.

धाकटा भाऊ तोवर कधी जवळ आला नव्हता. त्या दिवशी आला. ताटलीत गरम हुरडा आणि लसणाची चटणी माझ्यापुढं ठेवली आणि उकिडवा बसला. मी खुर्चीत, तो खाली. त्याच्या हाताला अजून चुना होता.

"साहेब, रागावू नगा. नकाशात झाड त्यांच्यात गेलंय म्हनं."

माझ्या तोंडात हुरडा होता.

"मोबाईलवर आख्ख्या गावाला दावायलाय त्यो. म्हंजे खरं हाय?"

मी चावत राहिलो.

"बरं, झाड जाऊ द्या. माझ्या अंगाला आलेल्या फांद्या तरी माझ्या हायत का न्हाय?"

इथं मी हुरडा गिळला आणि म्हणालो, "बघू."

आपल्याकडं हा शब्द कुठल्या टेबलापलीकडनं येतो आणि त्याचा अर्थ काय होतो हे मला माहीत आहे. माझी स्वतःची कितीतरी कामं 'बघू'मध्ये गेली आहेत. त्याला तर चांगलंच माहीत होतं. तो ताटली तशीच सोडून उठला.

त्या आठवड्यात मी झोपत होतो, जेवत होतो, नळ्या धूत होतो. फक्त आतनं कुणीतरी पेन्सिल रोखून एक डोळा मिटून माझ्याकडं बघत असल्यासारखं वाटत होतं.

चौथ्या रविवारी मशीनचा आवाज रस्त्यावरच ऐकू आला. आम्ही पोचलो तेव्हा पश्चिमेच्या फांद्या खाली पडल्या होत्या. चिंचा गाभुळायला आलेल्या, पाल्यात गुच्छच्या गुच्छ. धाकट्याची बायको त्यातनं हाताला लागतील तेवढ्या ओच्यात भरत होती. गाव जमलं होतं. करवतवाला खाली उतरून धाकट्याला समजावत होता.

"मालक, फांद्या झाल्या. पर निम्मं खोड कापता येत न्हाय."

"का येत न्हाय? रेघ हाय की पाडलेली."

"अहो, निम्मं झाड उभं राहत न्हाय!"

"न्हाय तर न्हाय. पडूंदे. माझं निम्मं मला पायजे."

थोरला गुलाबी बाजूला पाठ टेकून उभा होता. "काप की," तो हवेकडं बघत म्हणाला. भावाशी बोलायचं नव्हतं म्हणून. "साहेबांच्या नकाशात हाय म्हनावं. सरकारी झाडाला हात लावला की आत जातंय मानूस."

करवतवाल्यानं पुन्हा दोरी ओढली. मशीन फुर्रकन सुरू झालं.

"थांबा," मी म्हणालो. कुणालाच ऐकू गेलं नाही. मोठ्यानं बोलायची सवय नसल्यामुळं आवाज कुठनं काढायचा ते कळेना. शेवटी मी करवतवाल्यापुढं जाऊन उभा राहिलो. त्यानं घाबरून मशीन बंद केलं.

"मी मोजणीवाला नाही," मी म्हणालो. "कसलाही रस्ता नाही. मी साहेब नाही."

मग धाकटा म्हणाला, "आता तुमी असंच म्हननार."

"वरनं दाब आला असंल," थोरला म्हणाला. कितीतरी वर्षांनी दोघं भाऊ एका मताचे झाले होते.

मी खिशातनं ओळखपत्र काढलं. ते हातोहात फिरलं. एका पोरीनं मोठ्यानं वाचलं, "प्रयोगशाळा सहायक."

"म्हंजे माती तपासनीला आलेत!" मागनं कुणीतरी म्हणालं. "माती तपासल्याबगर रस्ता करत न्हायत." गर्दीनं मान डोलावली. मी जितकं नाही म्हणत होतो तितका रस्ता रुंद होत होता.

बाईंना एव्हाना काय झालंय ते कळलं होतं. माझ्याकडं त्यांनी एकदाच बघितलं, कसं ते मी सांगत नाही. मग त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापली चित्रं काढा बाहेर. सगळ्या रविवारची."

बांधालगत धसकटांवर चित्रं मांडली. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली. दोघं भाऊ एकेका टोकाकडनं बघत आले. मास्तरांच्या चित्रात चिंच धाकट्याच्या रानात होती. बँकवाल्यांच्या एका चित्रात ती रस्त्यापलीकडं, दुसऱ्यात दोन चिंचा. विमा एजंटांनी बांधच काढला नव्हता, पण डोंगर काढला होता. माझी बाकीची चित्रंही होती, त्यात बांध कधी इकडं, कधी तिकडं.

थोरला वाकून वाकून बघत होता. "सरकारी काम वाईट असतंय," तो शेवटी म्हणाला, "पर इतकं न्हाय."

तेवढ्यात धाकटा थबकला. "आन ह्यो नारळ कुठनं आला?"

"ती चिंचच आहे," मेडिकलवाले म्हणाले.

"ही?"

"हो. मला एवढंच येतं."

पहिल्यांदा धाकट्याची बायको हसली, ओचा धरून. मग गर्दी. करवतवाल्यानं मशीन पोत्यात घातलं.

थोरला हसला नाही. तो माझ्याकडं आला. "मग पहिल्या दिशी 'हं' कशापायी म्हनालात?"

"रंग ओला होता."

"आन नंतर? च्या पिताना, फोटो काढताना, दर आयतवारी?"

बाई ऐकत होत्या, सगळा गट ऐकत होता. धाकटा फांदीवर बसला होता, तोही.

"तुम्ही खुर्ची दिली," मी म्हणालो. "मला कुणी देत नाही. खरं सांगितलं असतं तर उचलून नेली असती."

मला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर बरं वाटलं असतं.

"एका खुर्चीसाठी?" तो म्हणाला.

"हो."

त्यानं पडलेल्या फांद्यांकडं बघितलं. मग वर, त्याच्या बाजूच्या लगडलेल्या झाडाकडं. आता यंदा धाकट्याच्या बाजूला एकही चिंच पडणार नव्हती. यंदा काय, फांद्या पुन्हा येईपर्यंत नाही. ते त्यालाही दिसलं असावं.

"बरं, साहेब," तो म्हणाला. मी साहेब नाही हे कळूनसुद्धा त्याच्या तोंडातनं तेच आलं. "आता तुमीच सांगा. ह्या राहिलेल्या झाडात त्याचा वाटा किती धरायचा?"

लोक पुन्हा माझ्याकडं बघायला लागले. सगळे थांबलेले.

"मला विचारू नका," मी म्हणालो. "मला यातलं काही कळत नाही. तो तिथं बसलाय, त्याला विचारा."

थोरल्यानं मान वळवायला फार वेळ घेतला. धाकटा पाल्यातली एक चिंच सोलत होता आणि मुद्दाम वर बघत नव्हता.

"काय रं," थोरला म्हणाला, "किती घेतूस?"