शहाद्याला जातो सांगून डोंगरावर

डोंगरावर एकट्यानं जाऊ नये, हिवाळ्यात तर नाहीच नाही, हे मला आधीपासून ठाऊक होतं. मी स्वतः चार जणांना तसं सांगितलेलंही आहे. पण पपईच्या बागेत मजुरांदेखत बायको म्हणाली, "टॅक्टरवर चढताना बी दम लागस तुम्हले," आणि ते मला लागलं. आमच्या सपाट रानात माणसाला ताकद दाखवायला उंचवटा म्हणून बांध तेवढा. उत्तरेला मात्र सातपुडा रोज डोळ्यांसमोर उभा असतो. ठरवलं, एक डोंगर चढायचा, माथ्यावर फोटो काढायचा आणि काही न बोलता तो तिच्यापुढे धरायचा.

खरं सांगितलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं. म्हणून "ठिबकन्या नळ्या आनाले शहादाले जाई ऱ्हायनू" असं सांगून मोटारसायकल काढली, ती थेट धडगावच्या घाटात नेऊन मोहाच्या झाडाखाली लावली.

दुपारचे बारा वाजले होते. अर्ध्या तासात घामाघूम झालो, तेव्हा स्वेटर काढून एका सागाच्या फांदीला टांगला. शेतकऱ्याची सवय. सदरा बांधावरच्या बाभळीला अडकवायचा, दिवसभर काम करायचं, जाताना काढून घ्यायचा. बांध जागा सोडून कुठे जात नाही. डोंगरही जाणार नव्हता. जाणारा मी होतो, हे कळायला अजून वेळ होता.

माथ्यावर पोचेपर्यंत तीन वाजत आले. फोटो काढला. त्यात मी धापा टाकतोय आणि मागे आभाळ आहे, डोंगर कुठेच नाही. तेवढ्यात फोन वाजला. घाटात कुठेच नसलेली रेंज नेमकी इथे आली होती.

"भेटन्यात का नळ्या?"

"लाइनमा उभा शे."

"मंग इतला वारा कसाना?"

"दुकानमा पंखा शे."

"ह्या थंडीमा?"

"दुकानदारले गरम व्हस," म्हणालो आणि फोन ठेवला. स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूश होऊन एकटाच हसलो. मी कुठे आहे हे कुणाला तरी सांगायची ती शेवटची संधी होती, आणि ती मी पंख्यावर घालवली.

चढताना कुठलीही वाट धरा, ती माथ्यालाच येते. उतरताना त्याच वाटा फुटतात, हे सपाट रानातल्या माणसाच्या ध्यानात कुठून येणार? तासभर उतरलो तरी सागाची झाडं शेकड्यानं दिसत होती, स्वेटरवालं एकही नाही. मी भलत्याच सोंडेवर होतो. तरी घाबरलो नाही, कारण सूर्य होता. आमच्याकडे सूर्य उसाच्या तुऱ्यांपर्यंत टेकला की घरी निघायचं, तोवर दिवस आपला. इथे साडेचारलाच तो समोरच्या डोंगरामागे गेला, दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या तोंडावर शटर ओढावं तसा. थंडी लगेच आली. घामानं भिजलेला शर्ट पाठीला ओल्या फडक्यासारखा चिकटला आणि दात वाजायला लागले. फोन काढून पाहिला. रेंजची एक काडी नाही.

मग घाई केली आणि तिथेच फसलो. पावसाळ्यात कमरेइतकं वाढलेलं गवत हिवाळ्यात वाळून उतारावर आडवं होतं. त्याच्यावर नवे कोरे बूट म्हणजे तेलावर बूट. बूड टेकलं ते वीस-पंचवीस हात तसाच घसरत गेलो आणि एका खडकाला पाय अडकून थांबलो. डावा घोटा मुरगळला. खडकापलीकडे खाली काय आहे ते एकदा वाकून पाहिलं. दुसऱ्यांदा नाही पाहिलं.

पाय टेकवेना. इथल्या पहाटेला गवतावरचं दव गोठतं, ही बातमी आम्ही दर हिवाळ्यात गोधडीत बसून वाचतो आणि एकमेकांना पाठवतो. माझ्या अंगात एक शर्ट होता. घरून माणसं शोधायला निघालीच, तर ती शहाद्याला निघतील, हे आत्ता लक्षात आलं.

"वाचवा" असं ओरडायची लाज वाटली, सिनेमातल्यासारखं वाटायला लागलं. मग एखाद्याच्या दारात उभं राहून विचारावं तसं ओरडलो, "कोनी शे का?" चार-पाच वेळा ओरडलो.

खालून बाईचं हसू ऐकू आलं.

नवरा-बायको गवत कापत होते. बाईनं हातातल्या विळ्यानं माझ्याकडे दाखवत पावरीत, म्हणजे त्यांच्या बोलीत, काहीतरी सांगितलं आणि नवरा तिरका तिरका चढत वर आला. पायात रबरी चप्पल, खांद्यावर दोर. डोंगरात 'तुम्ही'ची भानगड नाही, सगळ्यांना 'तू'.

"तुझं काय हरवलं? बैल?"

"काही नाही."

"मग कशाला चढला?"

"असंच."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. पिऊन आलोय का, हे ताडत असावा.

तिकडे गवताचे भारे कोणी डोक्यावरून उतरवत नाही. बांधतात आणि उतारावरून सोडून देतात. माझीही तीच व्यवस्था झाली. फक्त माझ्या काखेतून दोर घेतला, बसायला खाली भारा दिला आणि खडकाच्या बाजूबाजूनं, वरून दोर हळूहळू सोडत मला खाली पाठवलं. बाई खालून सूचना देत होती आणि मधेच हसू आवरेना म्हणून खाली बसत होती. मी डोळे मिटून घेतले होते. सपाट जमीन लागली तेव्हा ती दोन्ही हातांनी चाचपून पाहिली.

त्यांनी काटक्या पेटवल्या. त्याची शाल माझ्या अंगावर आली. आधी बोटं ठणकली, मग ऊब पोटात उतरली आणि मी उगाचच हसायला लागलो, थांबेचना. जीव परत जागेवर येत होता.

"घरी सांगितलं होतं?" त्यानं विचारलं.

मी शहाद्याचं आणि नळ्यांचं सांगितलं. तो बायकोकडे वळून म्हणाला, "आपली बकरी पण जाताना ओरडते."

तिकडे घरं एकमेकांना लागून नसतात. एक या टेकाडावर, दुसरं पलीकडच्या. जंगलात जाणारा माणूस निघताना समोरच्या घराला हाक घालून जातो, म्हणजे परतला नाही तर कुठल्या अंगाला शोधायचं ते कळतं. एवढी साधी गोष्ट. माझ्या खिशात तेवढ्यासाठी महागाचा फोन होता.

"दोन घरं पार केली की सडक," बाई म्हणाली. "तिथं फोन लागतो. बायकोला खरं सांग."

अजून उजेड होता. नवऱ्यानं तोंडाशी हात धरून दरीपलीकडे लांबलचक हाक दिली. पलीकडच्या अंगणात कोणीतरी बाहेर आलं आणि तिकडून हाक आली.

"तो विचारतो, कोणता पाय?"

"कशाला?"

"त्या बाजूनं तुला धरायला येतो."

मी त्यांनी दिलेल्या काठीवर भार टाकून उभा राहिलो, ती काखेत धरली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, "डावा!"

पलीकडचा माणूस उतरायला लागला.