पहिल्या झोक्याचा मान

"पहिला झोका आमच्या मावशींचा. हा मान त्यांचा," मालूताई माईकवर म्हणाली आणि तिनं माझा दंड धरला.

समोर लोखंडी खांबाला झोका टांगलेला. बाजारचा पिवळा नायलॉनचा दोर, त्याला झेंडूच्या माळा. खाली सोसायटीचं कापलेलं गवत. पन्नास-साठ बायका नऊवारी नेसून, नथा घालून बसलेल्या. त्यातल्या चौघींच्या घरी मी तेव्हा पोळ्या करायची. टाळ्या वाजल्या. कुणी कुणी मोबाईल वर धरले.

"आमच्या गावात पद्धत काय होती माहितीये?" मालूताई बायकांना सांगत होती. "पंचमीला झोका बांधला की आम्ही पाटलाच्या मुली बाजूला उभ्या. आधी दोर वळणाऱ्यांची मुलगी बसणार. तिचे तीन झोके झाले की मग आमचा नंबर. आज लोक जातीपातीचं काय काय बोलतात. आमच्याकडं तेव्हा असं प्रेम होतं."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू, मी आणि कौशी. काय दिवस होते गं! कौशी कुठं असते आता?"

आणि माईक माझ्या तोंडापुढं धरला.

मान म्हणाली ती. तो मान काय होता ते मी सांगते.

आमचं गाव वेरूळच्या अलीकडं. आम्ही मांग. दोर वळणं आमच्या घरचं काम. बांधावरची घायपाताची पानं कापायची, ओढ्यात कुजवायची, बडवायची, धुवायची. त्यातून वाख निघतो, पांढरा, म्हातारीच्या केसासारखा. त्याचा दोर. बैलाच्या गळ्यात, विहिरीच्या रहाटाला, मांडवाला, तिरडीला, गावात सगळीकडं आमचाच दोर. आणि श्रावणात पाटलाच्या दारापुढच्या लिंबाला पंचमीचा झोका बांधायचे, त्यालाही आमचाच.

दोर एकट्याला वळता येत नाही. एकानं बसून वाख सोडायचा, दुसऱ्यानं पीळ देत मागं मागं चालायचं. मी बसायची, कौशी चालायची. ती शेजारच्या घरातली, माझ्याच वयाची. आई नव्हती तिला. दोघी अठराच्या पुढं गेलो तरी बिनलग्नाच्या. आमच्यात तेव्हा इतकं कुणी थांबत नसे. पण आमचे हात गेले असते तर काम बसलं असतं, म्हणून दोघींचे बाप नुसतं बघतो बघतो म्हणायचे. आम्हाला बरंच होतं. दिवसभर ती माझ्याकडं तोंड करून मागं चालायची आणि बडबडायची. मागं काय आहे ते बघायची नाही. एकदा म्हशीवर जाऊन आदळली. वर म्हशीलाच म्हणाली, "दिसत नाय का गं तुला?"

श्रावणी सोमवारी आम्ही पायी वेरूळला जायचो, कासरे आणि शिंकी विकायला. माल संपला की लेण्यांत. एका लेण्याचं छत कमानीचं आहे, आत बोललं की आवाज फिरून येतो. कौशी मधोमध उभी राहून ओरडायची, "कौशाबाई, जेवलीस का?" आणि कान देऊन थांबायची. मग मला सांगायची, "ती पण उपाशीच हाय."

एकदा बानं आम्हा दोघींना दोराचं ओझं देऊन शहरात धाडलं. औरंगपुऱ्यातल्या दुकानात माल टाकायचा आणि एसटीनं परत यायचं. माल टाकल्यावर कौशी म्हणाली, "इतक्या लांब आलोय तर जरा हरवू की." हरवलो. फिरत फिरत शहागंजला निघालो. तिथं नान-खलियाच्या, मटणाच्या रश्श्याच्या वासानं पाय थांबले. हॉटेलवाला म्हातारा मुसलमान होता. "अंदर बैठो बेटा," म्हणाला. आम्ही गावच्या सवयीनं दारातच उकिडव्या बसलो. त्यानं बाकड्याकडं बोट दाखवलं. पाणी वरून ओतलं नाही, पेला हातात दिला. कौशीनं तो पेला फिरवून फिरवून बघितला. बाहेर आल्यावर म्हणाली, "हरवायचं तर हितंच हरवावं." घरी आल्यावर बानं दोघींना झोडपलं. आम्ही मार खाताना हसत होतो.

मालूताईही आमच्याच वयाची. पाटलाची थोरली लेक. ती ओट्यावर बसायची, आम्ही खाली. तिनं बोरं वरून टाकायची, आम्ही झेलायची. आम्हाला तो खेळच वाटायचा. ती आमची मैत्रीण होती का? तेव्हा विचारलं असतं तर मी व्हय म्हणाले असते.

आता झोक्याचं. दोर तुटून पाटलाची लेक पडू नये म्हणून आधी आमच्यातल्या पोरीला चढवायचे. उभं राहून तीन झोके, जाईल तितके उंच. आमच्या ओझ्याला दोर टिकला म्हणजे चांगला. त्याला पारख म्हणायचे. मग आम्ही उतरायचो, फळीवर गोमूत्र शिंपडायचे आणि गावच्या पोरी बसायच्या. आम्ही लांब उभ्या राहून त्यांची गाणी ऐकायचो.

वर्षातून तीन झोके. आणि खरं सांगते, त्यासाठी आम्ही दोघी भांडायचो. शेवटी पाळी लावून घेतली होती, एका वर्षी ती, एका वर्षी मी. वर गेलं की पाटलाचं घर पायाखाली दिसायचं.

त्या वर्षी पाळी माझी होती. बानं नवा दोर वळून ठेवलेला. पाटलाचा गडी म्हणाला, मागल्या सालचा गोठ्यात पडलाय, तोच चालंल. त्यानं तो बांधला. मी हात लावून बघितला. तीन पेडांतला एक गोठ्यातल्या मुतानं कुजला होता. बोटाला मऊ लागला.

"मालूताई, ह्यो पेड कुजलाय," मी म्हणाले.

"मग बसून बघ की," ती म्हणाली. "तुटायचा असंल तर तुमच्याखाली तुटू दे. त्यासाठीच तर बोलावलंय."

सगळ्या पोरी हसल्या. कौशी हसली. मीही हसले. शिवी दिली असती तर मला कळलं असतं. ती सहज बोलली, हसत बोलली, आणि जे खरं होतं तेच बोलली.

माझा पाय मात्र उचलेना. कौशीनं मला ढकललं. "भित्री कुठली. सर." पदर खोचून ती फळीवर चढली.

पहिला झोका. दुसरा. तिसऱ्याला ती पार शेंड्याला गेली आणि वरून मला हाक मारली, "अगं, वेरूळ दिसतंय!"

वेरूळ तिथून दिसत नाही. थापा मारायची सवय होती तिला.

मग दोर गेला.

ती पाराच्या दगडावर पाठीवर पडली. ओरडली नाही. उठायला गेली तर कमरेखालचं काही हलेना. तिला बैलगाडीत घातलं, दवाखान्यात न्यायला. तिचा बाप पुढं बसला. मी गाडीच्या मागं निघाले तर पाटील ओट्यावरून म्हणाला, "तू कुठं निघालीस? घरचा दोर आण. पोरी खोळंबल्यात."

मी हलायच्या आत बाच धावत नवा दोर घेऊन आला. गड्यानं लिंबाला बांधला. आता पारख तर व्हायलाच पाहिजे. सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझा बा पण बघत होता. गाडीच्या चाकांचा आवाज अजून येत होता.

मी चढले.

तिसऱ्या झोक्याला वरून मला गाडी दिसली. ओढ्याकडं निघालेली. कौशीचा एक हात गाडीबाहेर लोंबत होता. मग मी उतरले. फळीवर गोमूत्र शिंपडलं. मालूताई बसली आणि पोरींनी गाणं धरलं.

कणा मोडलाय म्हणून डॉक्टरनं कौशीला घरी पाठवलं. ती चार-पाच महिने पडून होती. पाठीला जखमा झाल्या, जखमांत किडे झाले. मी वाख घेऊन तिच्या खाटेजवळ बसायची. पीळ द्यायला कुणी नव्हतं. त्या दिवसाबद्दल ती एकदाच बोलली. "तू पण बसलीस म्हणं?" मी मान हलवली. तिनं तोंड भिंतीकडं केलं. संक्रांतीच्या आधी मेली.

भूतबीत मी मानत नाही. माझं लग्न झालं, शहरात आले, बांधकामावर विटा वाहिल्या, आता गुडघे गेले म्हणून पोळ्या लाटते. पण कधी पोळी लाटताना मागून ऐकू येतं, "सर." आणि मी सरते. खरंच बाजूला सरते. मागं कुणी नसतं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये मी चढत नाही. लिफ्ट निघताना जरासा हिसका बसतो, तेवढ्यात मला पायाखाली फळी लागते. चार मजले जिन्यानं चढते. ज्यांच्याकडं पोळ्या करायची त्यातल्या एक वहिनी हसायच्या, मावशी घाबरट आहेत म्हणायच्या.

त्याच वहिनींच्या घरी गेल्या महिन्यात मालूताई पाहुणी म्हणून आली. पन्नास वर्षांनी. तिनं मला ओळखलं. माझ्या पिठाच्या हातांसकट मला मिठी मारली. वहिनींना म्हणाली, "ही माझी बालमैत्रीण!" मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? कौशी गेल्यापासून मला कुणी मैत्रीण म्हणालं नव्हतं. सोसायटीच्या पंचमीच्या कार्यक्रमात तीच बोलणार होती, त्याला ये म्हणाली, मी हो म्हणाले. वहिनींनी त्यांची एक साडी दिली, ती नेसून गेले.

आणि तिथं तिनं माईक पुढं धरून विचारलं, कौशी कुठं असते आता.

"मेली," मी म्हणाले. माईकमधून आवाज भलताच मोठा आला.

"अगं बाई! कधी?"

"तुमच्या लग्नाच्या आधी. पंचमीला झोक्यावरनं पडली ना तुमच्यापुढं? त्यातच मेली."

मालूताईनं माईक खाली घेतला. हळूच म्हणाली, "तो विषय आत्ता नको गं. चल, बस. सगळ्या खोळंबल्यात."

तिच्या बापाचाच शब्द. तिला तो आठवतही नसेल. माझ्या मात्र कानात चाकं वाजायला लागली.

"मी नाय बसणार."

"अगं, मान आहे तुझा."

"मान नव्हता त्यो." आता माईक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल. "दोर तुटतो का ते बघायला आम्हाला चढवायचे. तुमीच म्हणाला व्हता, तुटायचा असंल तर तुमच्याखाली तुटू दे. मान असंल तर आज तुमी घ्या. बसा, मालूताई. तुटतो का ते मी बघते."

तिनं वर बघितलं. खांबाला जिथं गाठ होती तिथं. लई थोडा वेळ, पण बघितलं. ती बसली नाही.

कुणीच बसलं नाही. वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, चला, आधी फराळ करून घेऊ.

मी निघाले. गेटपाशी मालूताई मागून आली, धापा टाकत. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. खोटं नव्हतं.

"मला खरंच माहीत नव्हतं गं. मला वाटलं, बरी झाली असेल, नांदायला गेली असेल."

"विचारलं व्हतं का कुणाला?"

"तेव्हा माझं वय तरी काय होतं?"

"कौशीइतकंच," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सांगितलं, मावशी, उद्यापासून नका येऊ. आणखी एका घरानंही काम बंद केलं. दोन घरं राहिली. त्यातल्या एका बाईनं पोळ्या होईपर्यंत ओट्याशी उभं राहून सगळं विचारून घेतलं. मी सगळं सांगितलं. मला तिच्याकडून काही नकोच होतं.

कार्यक्रमाचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर आला. त्यात मी नाही. झोका आहे, झेंडू आहे, आमच्या गावच्या प्रेमाबद्दल मालूताईचं बोलणं आहे. तो बघणाऱ्याला वाटेल, कौशी कुठंतरी सुखानं नांदतेय.

तो लिंब अजून उभा आहे. पंचमीला त्याला झोका बांधतात असं ऐकते. आता दोर दुकानातून येतो, पारख बंद झाली. ती का होती हे कुणी बोलत नाही. पुढच्या पंचमीला मी जाणार. कुणी बोलावलं नाही, बोलावणार नाही. पोरी जमलेल्या असतील, तेव्हाच त्या लिंबाखाली उभी राहणार आणि सांगणार, कौशी इथं पडली. दोर कुजलाय हे सांगूनही तिला चढू दिलं. पाटलाचं नाव घेणार. मालूचं घेणार, ताई न म्हणता. आणि माझंही घेणार. तिची गाडी ओढ्यापर्यंत पोचली नव्हती, तेव्हा मी त्याच फळीवर चढले होते. ते झाकून कौशीचं सांगितलं तर माझ्यात आणि मालूत फरक काय राहिला?