डोलीवाल्यांची वही

छापखान्यात राबणाऱ्याच्या धोतराला शाई चिकटते आणि जिभेला किस्से. दोन्ही धुऊन जात नाहीत! गिरगावात भाऊशेठच्या शिळाछापखान्यात मी दगडावर चित्रं काढायचो. बाकीचे किस्से राहू द्या, त्या दसऱ्याच्या वह्यांचे ऐका. अजून सांगताना माझे हात शिवशिवतात!

०

एके दिवशी पलटणीतले पेन्शनर डॉक्टरसाहेब छत्री आपटत आत आले.

"दसऱ्याला शाळकरी पोरांसाठी वह्या काढा. पुठ्ठ्यावर देव नको, राणी नको. माझी माणसं हवीत! मलमपट्टी करणारे, पाणी पाजणारे, जखमींना डोलीतून आणणारे. बंदूकवाल्यांना बिल्ले मिळाले, यांना कुत्रं विचारत नाही!"

भाऊशेठनी डोकं खाजवलं. "साहेब, वही विकायची आहे की एरंडेल?"

"पोरांना कळू दे हो, मारणाऱ्याइतकाच वाचवणाराही शूर असतो!"

शप्पथ सांगतो, मला तिथल्या तिथे चित्राला दगड घ्यावासा वाटला!

०

नमुन्यासाठी साहेबांनी बाळोबाला धाडलं. अफगाणिस्तानच्या मोहिमेत डोली वाहिलेला कोकणातला म्हातारा. मी म्हटलं, "बाळोबा, नुसते उभे राहा." तर केवढा भडकला!

"रिकाम्या खांद्यानं? डोली आण, आत माणूस घाल!"

मग बांबू आला, सतरंजी बांधली, आमचे तिघे छापणारे खांद्याला लागले. आत भाऊशेठच चढले, हौस केवढी! निघाली वरात गल्लीतून. बाळोबा ओरडतोय, "पाय मिळवू नका रे मेल्यांनो! चौघांचे पाय एकदम पडले की आतल्याला हिसके बसतात!"

बघतो तर काय, गल्लीतली दुकानं पटापट बंद! लोक हात जोडून उभे! कुणीतरी भाऊशेठच्या घरी निरोपही पोचवला. वहिनी रडत, पडत-झडत धावत आल्या. भाऊशेठनी सतरंजीतून डोकं बाहेर काढलं, "अगं, जिवंत आहे मी!"

वहिनींनी डोळे पुसले. "मग चालत घरी या! भर रस्त्यात आडवं पडायला झालंय काय?"

०

दगडावर चित्र उलटं काढावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्ट. पण मी इतका जोशात, की मलमपट्टीवाल्याचा सलाम दगडावर सरळच काढला! प्रूफ निघालं, तर पठ्ठ्या डाव्या हातानं सलाम ठोकतोय!

डॉक्टरसाहेबांचा चष्मा नाकावरून घसरला. "हे काय?"

मी लोणकढी ठेवून दिली. "उजव्या हातात मलम आहे ना, साहेब!"

"मग ते तुझ्या डोक्याला चोळ, आणि नवा दगड घे!"

०

छापखान्याच्या पुढच्या दुकानात वह्या मांडल्या. पाणीवाल्याची खपली, सलामवाल्याचीही खपली. पण डोलीच्या वहीला कुणी हात लावीना! एखादी बाई वही उचलायची, खांदा दिलेले चौघे बघायची आणि "अगबाई!" म्हणून खाली टाकायची. "सणासुदीला तिरडी? हिच्यावर सरस्वती काढून पुजायची?"

बाळोबा ज्याला त्याला सांगत सुटला, "बाई, आतला जिवंत आहे! आम्ही जिवंत आणला हो!" पण ऐकतंय कोण?

शेवटी भाऊशेठ म्हणाले, "दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत बघतो. नाही खपली, तर तो दगड घासून पंचांग छापायला घ्यायचं."

दगड घासला की चित्र कायमचं गेलं. आणि त्या चित्रात बाळोबासोबतचे तिघे आमचे छापणारे नव्हते बरं का! बाळोबानं शेजारी बसून एकेकाचे नाक-डोळे सांगितले होते, मी पुसून पुसून काढले होते. ते त्याचे खरे सोबती, तिघेही तिकडेच राहिलेले. त्यांचं दुसरं चित्र जगात कुठे नव्हतं. म्हातारा मागच्या खोलीत जाऊन वह्या शिवत बसला. मला तर जेवण गेलं नाही.

०

दसरा उजाडला. दुकानात ही गर्दी! परळच्या एका गिरणीच्या फाटकावर बसणारा एक पेन्शनर शिपाई कुबडी टेकत आला. एक पाय गुडघ्यापासून नाही. "नातीच्या पूजेला वही द्या," म्हणाला आणि नेमकी डोलीची उचलली!

भाऊशेठ धावले. "ती नको हो, ही घ्या, पाणीवाल्याची घ्या!"

तो सोडेना. वही डोळ्यांजवळ नेली आणि बोट ठेवत चालला. "हा पुढचा नाकाड्या. हा देवीच्या वणांचा. ह्यानं मला आपल्या वाटणीचं पाणी पाजलं..." आवाज चढत गेला. "आणि हा मागचा! पायात गोळी घेऊन मी कण्हतोय, आणि हा मेला अख्खी खिंडभर मला शिव्या घालतोय, 'किती जड रे तू, किती जड!'"

भाऊशेठ माझ्यावरच ओरडले, "तो दगड घासायचा नाही! हात लावलास तर याद राख!"

मागच्या खोलीचं दार उघडलं. बाळोबाच्या हातात सुई-दोरा तसाच. तो शिपायाकडे बघत राहिला, मग त्याच्या कुबडीकडे. डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि तोंडभर हसू.

"आता तरी हलका झालास की नाही रे?"