दारासमोरची वीस पावलं

रत्नपालचा श्वास कधी कोणाला ऐकू आला नव्हता. आखाडा बाळापूरच्या जलालुद्दीन मास्टरच्या बँडमध्ये तो पस्तीस वर्षं सॅक्सोफोन वाजवत होता, शेकडो वरातींच्या पुढे चालला होता, पण हा माणूस दम केव्हा घेतो हे नाचणाऱ्यांना कधी कळलं नाही. ही बापाची शिकवण होती. बाप जळबा, याच बँडमध्ये, याच वाद्यावर. तो पोराच्या मागे उभा राहायचा आणि श्वासाचा आवाज आला की मानेवर टपली मारायचा. "लोकायनं गाणं ऐकावं का तुही धाप?"

जळबा गेला, पण ती टपली मानेवर राहिली.

मार्च महिन्यात रत्नपालची मुलगी ऐश्वर्या नांदेडहून दोन दिवसांसाठी घरी आली. ती तिथं नर्सिंग शिकते. दुपारी ओट्यावर बसून तिनं बापाच्या मोबाइलमध्ये काहीतरी भरलं. मागच्या गल्लीत हळद शिजत होती आणि तिचा उग्र, मातकट वास सगळ्या वस्तीवर बसला होता.

"बाबा, हे ऐका. तुमचंच वाद्य हाय."

आधी नुसती खरखर आली. मग कोणीतरी अंगण झाडतंय तसा ढोल. त्याच्या खाली एक जाड तार, जड पायांनी चालल्यासारखी. सॅक्सोफोन उशिरा आला. आणि त्याच्या आधी आला श्वास. स्पष्ट, ओला. दार उघडून माणूस आत यावा तसा.

रत्नपालचा हात आपसूक मानेवर गेला.

वाजवणारा दोन सूर वाजवून थांबला. पुन्हा एक सूर, खालचा, फाटका. पुन्हा थांबला. ढोल झाडत राहिला, तार चालत राहिली, आणि मधे ती मोकळी जागा.

"बंद पडलं का?" रत्नपालनं विचारलं.

"न्हाई. थांबलाय तो."

"काहून?"

"मला काय माहीत, बाबा. याला जॅझ म्हणतेत. अमेरिकेतल्या काळ्या लोकायचं हाय. साठ-सत्तर वर्षं झाले असतील."

"जित्ता हाय का हा?"

"न्हाई. कवाचाच गेला."

रत्नपालनं मोबाइल कानाला लावला. ते संपेपर्यंत ऐकून म्हणाला, "यायच्या वस्त्याबी गावाबाहेरच असतील."

ऐश्वर्या दुसऱ्या दिवशी गेली. ते वाजवणं मोबाइलमध्ये राहिलं.

त्यानंतर रत्नपालला एका जागी बसवेना. तो मोबाइल कानाला लावून वस्तीतून चालायचा, मोंढ्याच्या धान्यबाजारापर्यंत जायचा, परत यायचा. जेवता जेवता उठायचा. त्याला ते आवडलं होतं असंही नाही. जीभ दुखऱ्या दाताकडे जावी तसा तो पुन्हा पुन्हा त्या थांबण्याकडे जात होता. वाजवणारा थांबतो तेव्हा काय करत असेल? खाली बघत असेल? कोणाकडे? रत्नपालला ती जागा ओळखीची वाटायची, आणि ओळख पटण्याआधी तो मोबाइल बंद करायचा.

एप्रिलच्या पहिल्या लग्नात, ऐन नाचात, तो थांबला. ठरवून नाही. सूर सुटला आणि पुढचा आलाच नाही. नाचणाऱ्यांचे पाय हवेत अडकले. एक पोरगं ओरडलं, "ओ काका, हवा संपली का? पंक्चरवाल्याला बोलवू?" सगळे हसले. ताशेवाल्यानं सावरून घेतलं.

दुसऱ्या लग्नात तेच झालं. या वेळी थांबून पुन्हा सुरू करताना त्याचा श्वास भोंग्यातून मोठ्यानं बाहेर पडला. नवरदेवाचा मामा वळून बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी जलालुद्दीन मास्टर घरी आले. सत्तरीचा माणूस, मेंदी लावलेली दाढी. एके काळी क्लॅरिनेट वाजवायचे, आता दात नाहीत म्हणून हातात नुसती काठी. काठी वर गेली की बँड सुरू, मूठ वर गेली की बंद.

"तबियत का तकलीफ हाय का?"

"न्हाई मास्टर."

"मग? काय चालू हाय हे?"

रत्नपालनं उत्तर म्हणून मोबाइल लावून दिला. मास्टरनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

"हा कोणाच्या मयतीत वाजवून राहिला?" ते म्हणाले.

"लग्नात न्हाई वाजवत, हे बराबर."

"वाजवतो जबर. पन याच्यापुढं कोनी नाचत न्हाई, रत्नपाल. आपल्यापुढं नाचतेत." मास्टर उठले. "मुबश्शीरनं नवा कीबोर्ड आनलाय. त्याच्यात सॅक्सोफोनचं बटन हाय. दाबलं की वाजतं, सोडलं की बंद. म्या त्याला म्हनलो, आपला मानूस हाय, पस्तीस साल झाले. पन गोरेगावच्या लग्नात गडबड झाली तर मी काय बोलू? तूच सांग."

मुबश्शीर हा त्यांचा पुतण्या. रत्नपाल त्याला सॅक्सोफोनची चावी कशी दाबायची ते दाखवायचा, तेव्हा तो मोबाइलमध्ये बघत असायचा.

"न्हाई होणार गडबड," रत्नपाल म्हणाला.

त्याला खरंच तसं वाटत होतं. बँडशिवाय त्याच्याकडे काही नव्हतं. त्या लाल कोटात, सोनेरी दोऱ्यांच्या खांद्यांत तो गावाला माहीत होता. कोट नसलेल्या रत्नपालला मोंढ्यात कोणी हाक मारली नसती.

सेनगावच्या पुढं असलेल्या गोरेगावात वरात सकाळी अकराला निघाली. ऊन डोक्यावर. रत्नपाल नीट वाजवत होता. सूर बांधलेले, श्वास लपवलेला, बाप मागे उभा असल्यासारखा. मास्टरनी दोनदा मान हलवली. बाजारपेठ संपली, वरात एका अरुंद गल्लीत वळली, आणि पुढं चालणारा एक जण पळत मास्टरकडे आला. कानात काही बोलला. गल्लीत चार दिवसांमागं मयत झाली होती.

अशा घरासमोर वाजवत नाहीत. हे कोणी कोणाला सांगत नाही. मास्टरची मूठ वर जाते, ताशेवाले काड्या काखेत धरतात, नवरदेवाची घोडीसुद्धा जणू हळू चालते, आणि घर मागे पडलं की काठी वर.

मूठ वर गेली. ताशे थांबले. ढोल थांबला.

रत्नपालनं घर बघितलं. बंद दार. ओट्यावर पालथी घातलेली घागर. आणि त्याला कळलं की तो अमेरिकेतला माणूस कुठं थांबत होता.

तीन वर्षांमागं करुणा गेली. बायको. कावीळ अंगात भिनली आणि अकरा दिवसांत तिला घेऊन गेली. वैशाख होता, लग्नांच्या तारखा आधीच धरलेल्या, दुसरा सॅक्सोफोनवाला मिळेना. मास्टर म्हणाले होते, "नको येऊ." पण रत्नपाल पाचव्या दिवशी कोट घालून गेला. तिचा जलदानविधीही, मयतीनंतरचा, अजून व्हायचा होता. घरात बसवत नव्हतं म्हणून गेला, एवढंच. आणि वरात फिरत फिरत त्याच्याच वस्तीत आली, त्याच्याच गल्लीत. मास्टरची मूठ वर गेली. सगळे थांबले. रत्नपालनं सॅक्सोफोन खाली घेतला आणि आपल्या घरासमोरून, बाकीच्यांसारखाच, गप चालत गेला. दारात ऐश्वर्या उभी होती. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. वीस पावलं होती. घर मागे पडलं, काठी वर गेली, आणि त्यानं जिथून सोडलं होतं तिथून गाणं उचललं. श्वास कोणाला ऐकू आला नाही.

गोरेगावच्या गल्लीत तो थांबला नाही.

आधी श्वास घेतला. सगळ्या गल्लीला ऐकू गेला. मग एक खालचा सूर, लांब, कडेला फाटलेला. लग्नाचं गाणं त्यात नव्हतं. मग थांबला. मग पुन्हा. ताश्यांच्या काड्या काखेत, लोक उभे, नवरदेव घोडीवर वाकून बघतोय. मास्टरची मूठ अजून वरच होती. रत्नपाल पाय ओढत चालत राहिला, त्या दाराकडे तोंड करून. त्याच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. ते घामाचं होतं का, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

दार उघडलं. डोकं भादरलेला एक तरुण बाहेर आला. "ए! लाज वाटती का? बाप गेला माझा!" तो धावून आला तेव्हा मधे मास्टर पडले, दोन्ही हात जोडून. "माफ करा, बेटा. गलती झाली. आमचा मानूस बिमार हाय."

तरुणाच्या मागून एक बाई चौकटीत आली. कपाळ मोकळं. तिनं रत्नपालकडे बराच वेळ बघितलं. तो अजून सूर धरून होता.

"त्यायला म्हणावं," ती मुलाला म्हणाली, "पुढं जाऊन वाजवा."

ती आत गेली. दार लागलं. रत्नपालनं सॅक्सोफोन तोंडातून काढला.

लग्न लागल्यावर बँड परतीच्या टेम्पोत बसला. सेनगाव मागे पडल्यावर मुबश्शीर म्हणाला, "काका, आज पब्लिकला रडवायचा ठेका होता का?" मास्टरनी त्याला गप केलं. बाळापूरला उतरताना ते रत्नपालकडे न बघता म्हणाले, "कोट दे."

कोट बँडचा होता. सॅक्सोफोन जळबाचा. रत्नपालनं गुंड्या सोडल्या.

"मास्टर, त्या दिशी..."

"मला याद हाय," जलालुद्दीन म्हणाले. "मूठ मीच वर केली होती तुह्या दारासमोर. मला काय याद न्हाई का?" त्यांनी कोटाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "पन लोक लग्नाला बोलावतेत, रत्नपाल."

ऐश्वर्या परीक्षा देऊन घरी आलेली होती; आधीच्या दोन लग्नांतलं थांबणं तिला वस्तीत कळलं होतं. बाप बनियनवर, खांद्याला वाद्य अडकवून गल्लीत शिरला तेव्हा ती दारातच होती.

"कोट कुठं हाय?"

"देला."

"थांबलात का पुन्हा?"

"न्हाई. थांबलो न्हाई, म्हणून."

तो कोणाच्या घरासमोर थांबला नाही हे त्यानं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या घरच्यायचं काय चुकलं होतं, बाबा? तिथं वाजवून काय उपेग?"

"मंग कुठं वाजवू?"

 ती दारातून बाजूला झाली नाही. तीन वर्षांमागं उभी होती तिथंच, तशीच उभी राहिली. या वेळी त्यानं तिच्याकडे बघितलं.

रत्नपाल उलटा फिरला. गल्लीच्या तोंडाशी गेला, जिथं त्या दिवशी मूठ वर गेली होती. ऊन अजून तापलेलं होतं, हळदीच्या वासानं घसा कोरडा पडला होता. समोरच्या ओट्यावरून म्हातारी भिकाबाई ओरडली, "काय रे रत्नपाल, लगीन कोणाचं? आन् कोट कुठं तुहा?"

त्यानं श्वास घेतला. तो भिकाबाईलाही ऐकू गेला, आणि खालचा, फाटका सूर धरून रत्नपाल घराकडे चालायला लागला.

वीस पावलांनी घर संपलं. त्याचं वाजवणं अजून कुठंच पोचलं नव्हतं. सूर तोंडातच धरून तो वळला आणि परत दाराकडे यायला लागला.