मूल कोणाकडे, हे विचारण्याची रीत

पुढील किस्से मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी, पोंगलच्या सुट्टीत, आमचे शेजारी वकील सखारामराव काका यांच्याकडून ऐकले. तंजावूरच्या राजवाड्यामागे त्यांच्या ओसरीवर संध्याकाळी मराठी वकील कॉफीला जमत. असे किस्से साठतात कसे, असे विचारता काका म्हणाले, "नवराबायको वेगळी झाली की भांडी वाटून होतात. मूल उरतं. मग आमच्याकडे येतात."

पालकत्वाचा नवा कायदा येऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. मुलाचे हित पाहावे, असे जज्ज वारंवार बजावत.

*

एका बापाने मुलीचा ताबा मागितला. तिच्या शिक्षणाची त्याला केवढी कळकळ आहे, यावर त्याच्या वकिलाने लांबलचक भाषण केले. जज्जांनी बापाला विचारले, "मुलगी कितवीत आहे?"

बापाने वकिलाकडे पाहिले. वकिलाने गुमास्त्याकडे.

गुमास्ता म्हणाला, "ऑफिसात बघून सांगतो, सार."

हे ऐकून ओसरीवर सगळे हसले. त्यातले एक वकील मात्र आपल्या कॉफीतच पाहत राहिले.

*

जवळच्या ओरत्तनाडू गावची एक आजी नातवाच्या ताब्यासाठी आपल्या मुलाच्या बाजूने साक्षीला उभी राहिली. "सून भातावर तूप वाढत नाही," म्हणाली.

"तुमचा मुलगा वाढेल?"

"तो कशाला? मी आहे की."

"मग अर्ज तुम्हीच करायचा होता, अम्मा," जज्ज म्हणाले. मुलगा चाळीशीचा होता. तो आईच्या मागे सरकला.

*

शेवटचा किस्सा काकांनी आवाज खाली आणून सांगितला. त्यात ते आईचे वकील होते.

कमळा सात वर्षांची. "मुलगी घरी मराठीच बोलते," असे बापाच्या वकिलाने सांगितल्यावरून तमिळ जज्जांनी दुभाषी नेमला. आमच्या गल्लीतले वृद्ध गुरुजी. दोन्ही पक्षांचे लोक त्यांचेच विद्यार्थी, म्हणून कोणाचीच हरकत नव्हती. मुलीला तमिळ येते का, हे तिला कोणी विचारले नाही.

"मज अम्माकडे ऱ्हायचं," कमळा म्हणाली. "अप्पा शुक्रवारी देवळात भेटले तर पुरे."

गुरुजींनी तमिळमध्ये सांगितले, "बापाच्या घरी राहते म्हणते."

आई, बाप, मामा, दोघे वकील, सगळे मराठी जाणणारे. भरल्या सभेत गुरुजींचा शब्द खोटा पाडण्याची आमच्यात रीत नाही.

कमळाने आईकडे वळून विचारले, "अम्मा, मी हे म्हटलं काय?"

जज्जांनी गुरुजींना विचारले, "आता काय म्हणाली?"

गुरुजींनी चष्मा काढला आणि उपरण्याने पुसत राहिले. तेव्हा कमळाच जज्जांशी तमिळमध्ये बोलली, "इथे सगळ्यांना मराठी कळतं. तुम्हालाच तेवढं कळत नाही. म्हणून तुम्हाला सांगते."

मुलगी आईकडे राहिली, हे मी पुढे दुसऱ्या वकिलांकडूनही पडताळून घेतले. मुलीच्या त्या प्रश्नावर आईने मान हलवली होती की नाही, हे मात्र मला कधीच निश्चित करता आले नाही. मायलेकी सोडून तिथे हजर असलेल्या प्रत्येकाला मी विचारले. त्या क्षणी सगळेच खाली पाहत होते.