राखेत हात घालनारा नाकेदार

त्या दिशी जंगलात आम्ही चौघंच होतो. मी, माह्यी जाऊ, जावेची म्हातारी माय, अन् नाकेदार, म्हंजे जंगलाचा शिपाई. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, तवाची गोष्ट.

आख्ख्या सातपुड्यात त्या नाकेदाराएवढा भेकड मानूस नसंन. वाघाले भेत नव्हता, साहेबाले भेत नव्हता, इस्त्याले, आगीले भे. जळगाव जामोदच्या बाजारात चहाच्या दुकानी गेला तं आंधी भट्टीकडं पाहे, मंग लांब बसे. जंगलात कोनी बिडी ओढताना दिसला का त्याच्या मांगं मांगं फिरे, थोटूक पडलं का वहानेनं घासे अन् खिशात टाके. त्याची बायको म्हने, "यायचा सदरा धुतला तं पानी तमाखूचं होते." राखीव जंगलात आग पेटवाले मनाई होती. पन तिथल्या देवाले रोडग्याचा, कनकीच्या जाड गोयाचा नवस, अन् रोडगे गवऱ्याच्या इस्त्यातच भाजा लागते. म्हनून यानं आपलाच कायदा काढला: नाल्याच्या रेतीत पेटवा, अन् तो राखेत हात घालून पाह्यल्याबिगर कोनी उठाचं नाही. लोकं शिव्या देत. याचा हात राखेतच.

जावेचं लेकरू दुखन्यातून उठलं, म्हनून आम्ही रोडगे केले. जेवलो. मी इस्त्यावर राख ओढली, घरी चुलीत सकायसाठी दाबून ठेवतो तशी. आगपेटी रोज कोनाले परवडे? हाताले सवयच तशी. जाऊ म्हने, "इझलं वो, चाल." आम्ही निंगालो, तेवढ्यात हा आला. बसला अन् हात घातला मनगटापर्यंत.

"अगं माय वो!"

हात लालभडक झाला. "काऊन वो बाई, हे काय घरची चूल हाये? वाघीन येनार हाये का सकायी चहा कराले?"

जाऊ हासली. मले हासू आलं नाही. वारा सुटला होता, काठाले गवत उन्हानं वायून कोयसं झालेलं. मालक गेल्यावर तेच गवत जंगलखात्याच्या पासावर कापून, इकून मी दोन लेकरं पोसत होती. गवत पेटलं असतं तं चूल बंद, अन् यानं केस केली तं पास बंद. त्यानं वही काढली.

"लिहा भाऊ," मी म्हनलं. "चूक माह्यीच हाये."

त्यानं वहीकडं पाह्यलं, हाताकडं पाह्यलं. "या हातानं पेन्सिल धरवते का वो? जा, पानी आना."

नाल्याच्या रेतीत उकरलेल्या झिऱ्यावरून तीन घागरी आनून राखेवर ओतल्या. मंग त्यानं दुसरा हात घातला. "आता गार."

पुढच्याच महिन्यात त्याची बदली झाली. उजवा हात फडक्यात होता, डाव्यानंच रामराम केला अन् मोटारीत बसला. मंग कधी दिसला नाही.

वाचनाऱ्या बाप्पाहो, जंगलात आग केली तं नुसती राख लोटून निंगू नका. पानी टाका.